मेथी नसली तर शेपू

२०२५ च्या सप्टेंबरातली गोष्ट. वेलिंग्टनला असलेल्या माझ्या भाचीचा सकाळी सकाळी फोटो आला. जेवणाच्या टेबलावर एक जाडजूड पाकीट फोडून ठेवलेलं, शेजारी चहाचा कप, आणि एक लांबलचक कागद. खाली प्रश्न होता, "मावशी, हे बघ पोस्टाने काय आलंय. ढीगभर नावं आहेत आणि सगळ्यांना नंबर द्यायचेत. एकालाच दिला तर चालेल का गं?"

तिच्याकडे निवडणूक होती. न्यूझीलंडमध्ये दर तीन वर्षांनी स्थानिक निवडणुका होतात आणि मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते, आपण ती सवडीने भरायची आणि मुदतीच्या आत परत पाठवायची. एकाच पाकिटात शहराचा महापौर, शहराची परिषद आणि प्रादेशिक परिषद असं सगळं. ही प्रादेशिक परिषद म्हणजे ग्रेटर वेलिंग्टन रीजनल कौन्सिल. बस आणि लोकल गाड्या, नद्यांचे पूर, पिण्याच्या पाण्याचा मोठा पुरवठा अशी कामं तिच्याकडे असतात. आणि तिथे २०१३ पासून नुसती फुली किंवा शिक्का मारून मत देत नाहीत, पसंतीक्रम देतात. सगळ्यात आवडता उमेदवार १, तो नसेल तर २, तोही नसेल तर ३.

मी तिला उत्तर पाठवलं, "चालतं. पण एकालाच देऊ नकोस. तुझ्या आजोबांनी असल्याच एका कागदावर काय केलं होतं ते सांगेन कधीतरी."

ते 'कधीतरी' म्हणजे आज. लांबलं आहे बरंच, पण तिने नंतर दोनदा आठवण केली, आणि घरातल्या बाकीच्या पोरांनाही ही गोष्ट ठाऊक नाही. तेव्हा लिहूनच टाकते.

आधी आईबद्दल. आम्ही राहुरीला होतो तेव्हा आई मला आणि ताईला आठवडे बाजाराला पिटाळायची. हातात पिशवी, मोजके पैसे आणि तोंडी यादी. "मेथी आण. मेथी नसली तर शेपू. शेपू पिवळा पडलेला असला तर चुका आण, पण पालक नको." आम्ही ते घोकत घोकत जायचो. आई सातवी शिकलेली. तिला पसंतीक्रम, संक्रमणीय मत वगैरे शब्द ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण आपण स्वतः बाजारात हजर नसताना आपल्या मनासारखं व्हावं म्हणून काय सांगून ठेवायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नुसतं 'मेथी आण' म्हटलं आणि मेथी संपली असली, तर पोरं रिकाम्या हाताने परत येणार. पहिलं नाही मिळालं तर दुसरं काय, हे आधीच सांगितलं की पिशवी रिकामी येत नाही.

वेलिंग्टनच्या त्या कागदामागचा सगळा विचार एवढाच आहे. बाकी नुसतं गणित.

आता आपल्याकडचं बघू. हा प्रकार आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच) बरीच वर्षं चालू आहे. फक्त तो सगळ्यांसाठी नाही. आपल्या विधान परिषदेत ७८ जागा. त्यांतल्या ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसारखे स्थानिक संस्थांचे लोक निवडतात, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि उरलेले १२ राज्यपाल नेमतात. नगर जिल्ह्याचे पदवीधर आणि शिक्षक नाशिक विभागात मोडतात. नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि नगर, एवढ्या पाच जिल्ह्यांचा मिळून पदवीधरांचा एक आमदार आणि शिक्षकांचा एक. या पदवीधर मतदारसंघाचं आणि नगरचं नातं जुनं आहे. कोपरगावचे प्रा. ना. स. फरांदे इथूनच परिषदेत गेले आणि १९९८ ते २००४ परिषदेचे सभापती होते. २००९ पासून संगमनेरचे डॉ. सुधीर तांबे, आणि २०२३ पासून त्यांचे चिरंजीव सत्यजीत तांबे.

राज्यघटनेच्या १७१ व्या कलमात म्हटलंय की या निवडणुका प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या, एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने व्हाव्यात. शब्द ऐकून पोटात गोळा येतो, पण अर्थ आईच्या यादीचाच. मत एकच. ते पहिल्या पसंतीच्या उमेदवाराच्या कामी आलं नाही तर दुसऱ्याकडे जातं, तिथेही नाही तर तिसऱ्याकडे.

मोजणी अशी. सगळ्या वैध मतपत्रिका पहिल्या पसंतीप्रमाणे लावतात. जागा एकच असली तर वैध मतांना दोनाने भागून त्यात एक मिळवायचा, तो कोटा. तेवढी मतं कोणाला मिळाली तर संपलं. नाही मिळाली तर सगळ्यात मागे असलेला उमेदवार बाद, आणि त्याच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रिकेवर २ कुठे लिहिलाय ते बघून ती त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात. मग पुन्हा सगळ्यात मागचा बाद. असं चालू राहतं. ज्या पत्रिकेवर नुसता १ आहे आणि तो उमेदवार बाद झालाय, ती पत्रिका तिथेच थांबते. पोरगं रिकामी पिशवी घेऊन घरी परत.

आणखी एक. या पत्रिकेवर कमळ, हात, घड्याळ असलं काही नसतं. उमेदवारांची नावं असतात आणि समोर रिकामा चौकोन. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनाने त्यात आकडा लिहायचा. आकडा मराठी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो. पण 'एक' असं अक्षरी लिहिलं तर चालत नाही. बरोबरची खूण चालत नाही. १ दोघांना दिला तर मत बाद. एकाच नावासमोर १ आणि २ दोन्ही लिहिले तरी बाद. आणि मतदार कोण ते ओळखू येईल अशी कुठलीही खूण किंवा लिखाण दिसलं तरी बाद.

हे शेवटचं लक्षात ठेवा, आता अण्णांची गोष्ट येतेय.

अण्णा म्हणजे माझे वडील. माध्यमिक शाळेत शिक्षक, बी. ए. बी. एड. नव्वदीच्या दशकातल्या एका पदवीधर निवडणुकीत त्यांना दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रावर ड्यूटी लागली. ड्यूटीवरच्या मतदाराला टपालाने मत देता येतं. १९६१ च्या निवडणूक नियमांत तशी सोय आहे. (त्याच नियमांत आणखी दोन सोयी आहेत. एक म्हणजे स्थानबद्धतेत असलेल्या मतदारालाही टपालाने मत देता येतं. दुसरी, आयोगाने ठरवलं तर परिषदेच्या अख्ख्या मतदारसंघाचं मतदान टपालाने घेता येतं. म्हणजे भाचीच्या वेलिंग्टनसारखं आपल्याकडेही कायद्याने अशक्य नाही.)

तर अण्णांच्या नावाने पाकीट आलं. त्यात मतपत्रिका, एक घोषणापत्र, दोन पाकिटं आणि सूचनांचा कागद. घोषणापत्रावर सही करायची, ती अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायची. मतपत्रिका भरून लहान पाकिटात, मग ते लहान पाकीट आणि घोषणापत्र मोठ्या पाकिटात. मोजणीच्या वेळी आधी मोठं पाकीट उघडून घोषणापत्र तपासतात. त्यात चूक असली तर आतलं पाकीट उघडतच नाहीत. सही एकीकडे, मत दुसरीकडे, म्हणजे कोणाचं मत कोणाला ते कळू नये.

अण्णांनी तो कागद दोन दिवस टेबलावर ठेवला होता. मला आठवतंय, कारण त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला म्हणून मी बोलणी खाल्ली होती. उमेदवारांची नावं ते मोठ्याने वाचायचे आणि आईला विचारायचे, "याच्याबद्दल काय म्हणतेस?" आई भाकरी थापता थापता सांगायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी आकडे लिहिले. सगळ्यांना नाही, पण चार-पाच जणांना. मोठ्या पाकिटाला डिंक लावला, शाळेत जाताना पोस्टाच्या पेटीत टाकलं.

संध्याकाळी घरी आले ते गप्प. जेवले नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी पोस्टात गेले. पोस्टमास्तर ओळखीचे होते, त्यांची मुलं अण्णांच्या वर्गात. अण्णांनी विचारलं, काल टाकलेलं पाकीट परत मिळेल का? ते म्हणाले, "सर, टपाल कालच गेलं. आणि असतं तरी ते आता तुमचं राहिलं नाही." बरोबरच होतं त्यांचं.

हे सगळं मला कळलं फार पुढे, २०१० च्या निवडणुकीच्या वेळी. तोवर मी पदवीधर झाले होते, अठरा नंबरचा फॉर्म भरून यादीत नाव लावलं होतं आणि पहिल्यांदाच या प्रकारचं मत द्यायला निघाले होते. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. चपला घालताना मला थांबवून म्हणाले, "बाई, फक्त आकडा. दुसरं काही लिहायचं नाही."

"हो, माहितीये," मी म्हटलं.

"मलाही माहीत होतं," ते म्हणाले. आणि मग सांगितलं. त्यांनी आकडे लिहिले, पुन्हा एकदा वरून खालपर्यंत तपासले, आणि हाताला असलेल्या सवयीने खाली कोपऱ्यात लपेटदार बारीक सही ठोकली. तीसेक वर्षं पेपर तपासलेले. गुण द्यायचे, बेरीज करायची, कोपऱ्यात सही. आकडे दिसले की हात आपोआप कोपऱ्यात जायचा. संध्याकाळी शाळेतून येताना सूचनांचा कागद खिशात होता, तो एसटी स्टँडवर वाचला आणि लक्षात आलं.

केंद्रावर त्यांनी दिवसभर दुसऱ्यांना समजावून सांगितलं असणार, की फक्त आकडा लिहा म्हणून. स्वतःचं मत मात्र बाद. घरी कोणाला बोलले नाहीत. आईलाही नाही. दोन दिवस बसून तिच्याशी चर्चा करून लिहिलेलं ते मत होतं. मला वाटतं त्यांना आपल्या मतापेक्षा तिच्या मताचं जास्त वाईट वाटलं असावं.

असो. आता थोडा इतिहास, कारण मला या गोष्टीत पुढे जे दिसलं ते इतिहासातून दिसलं.

ही पद्धत दीडशेहून जास्त वर्षं जुनी. डेन्मार्कच्या कार्ल आंद्रे यांनी १८५५ मध्ये ती तिथे वापरली, आणि जवळपास त्याच सुमारास इंग्लंडच्या थॉमस हेअर यांनी स्वतंत्रपणे मांडली. जॉन स्टुअर्ट मिलला ती इतकी आवडली की त्याने १८६१ च्या ग्रंथात तिचा हिरिरीने पुरस्कार केला. पुढे टास्मानिया, आयर्लंड, माल्टा इथे ती रुजली.

हिंदुस्थानात तिचा सगळ्यात मोठा प्रयोग म्हणजे आपली संविधान सभा. १९४६ मध्ये प्रांतांच्या विधानसभांनी तिचे सभासद याच पद्धतीने निवडले. आणि इथे एक गोष्ट आहे जी शाळेत आम्हाला कोणी सांगितली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत पहिल्यांदा गेले ते मुंबईतून नाही, बंगालमधून. मुंबई प्रांताच्या विधानसभेत काँग्रेसचं बहुमत, तिथून त्यांना वाट नव्हती. बंगालमध्ये जोगेंद्रनाथ मंडल यांनी खटपट केली आणि मोजक्या आमदारांच्या पहिल्या पसंतीच्या मतांवर बाबासाहेब निवडून आले. साधी बहुमताची निवडणूक असती तर ती मूठभर मतं वाया गेली असती. या पद्धतीत मूठभर लोक एकत्र आले तरी त्यांचा एक माणूस आत जातो. (फाळणीनंतर ती जागा गेली, मग १९४७ च्या जुलैत ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले.)

आता गंमत बघा. ४ जानेवारी १९४९ ला याच संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती मांडली, की लोकसभेच्या निवडणुकाही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने व्हाव्यात, म्हणजे अल्पसंख्याकांना न्याय मिळेल. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. त्यांची मुख्य कारणं दोन. एक, अशा पद्धतीने सभागृहात पक्षांचे तुकडे तुकडे होतील आणि सरकार टिकणार नाही. दुसरं, ही पद्धत मोठ्या प्रमाणावरची साक्षरता गृहीत धरते. मतदाराला निदान आकडे कळले पाहिजेत, कागदावर लिहिता आले पाहिजेत. आपल्या देशात ती परिस्थिती नाही.

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. १९५१ च्या शिरगणतीत साक्षरता जेमतेम १८ टक्के निघाली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवावी लागली, त्यावर चिन्ह चिकटवून, म्हणजे मतदाराने काहीही न लिहिता नुसता कागद हव्या त्या पेटीत टाकावा. त्या पेट्यांनी या देशाला लोकशाही दिली. ते करणाऱ्यांचं ऋण आपल्यावर आहे.

त्यामुळे वाटणी अशी झाली. सामान्य मतदाराला एक शिक्का. आकड्यांची पत्रिका आमदारांना, नगरसेवकांना, शिक्षकांना आणि पदवीधरांना. शिकलेल्यांना जमेल, बाकीच्यांना नाही, असा हिशोब.

तो हिशोब आज तपासून बघू. अण्णांच्या भाषेत, पेपर तपासू.

३० जानेवारी २०२३ ला नाशिक पदवीधरची निवडणूक झाली. गाजली ती वेगळ्या कारणाने. काँग्रेसने सुधीर तांबे यांना उमेदवारी दिली होती, त्यांनी अर्जच भरला नाही आणि मुलाने अपक्ष भरला. ते सगळं तुम्ही वाचलं असेल, मला त्यात जायचं नाही. मला आकड्यांत जायचंय. नोंदलेले पदवीधर दोन लाख बासष्ट हजारांच्या वर. मतदान निम्म्याहून थोडं कमी, १,२९,६१५. त्यांतली बाद मतं किती? १२,९९७.

हा आकडा मी तीनदा वाचला. दहा टक्के. दर दहा पदवीधरांतल्या एकाला चौकोनात १ हा आकडा नियमाप्रमाणे लिहिता आला नाही. उरलेली वैध मतं १,१६,६१८, म्हणून कोटा ५८,३१०. सत्यजीत तांबे यांना ६८,९९९ आणि शुभांगी पाटील यांना ३९,५३४. पहिल्याच पसंतीत निकाल लागला, दुसऱ्या पसंतीपर्यंत जायची वेळच आली नाही.

शिक्षकांचं बघू. जून २०२४ ची नाशिक शिक्षक मतदारसंघाची निवडणूक. २१ उमेदवार. मतदान ९३ टक्क्यांच्या वर, जवळपास ६५ हजार. बाद मतं सतराशेच्या आसपास, म्हणजे शंभरात तीनदेखील नाहीत. गुरुजी पदवीधरांपेक्षा बरे निघाले (अण्णांना बरं वाटलं असतं). इथे कोटा होता ३१,५७६. किशोर दराडे पहिल्या पसंतीत सव्वीस हजारांवर, कोपरगावचे विवेक कोल्हे सतरा हजारांवर आणि संदीप गुळवे सोळा हजारांवर थांबले. कोणीच कोट्याला पोचलं नाही. मग एकेक जण बाद होत गेला, पत्रिका इकडून तिकडे गेल्या, मोजणी रात्री उशिरापर्यंत चालली आणि पुढच्या पसंतीची मतं मिळवून दराडे जिंकले. त्या रात्री ज्यांनी २ आणि ३ लिहिला होता त्यांचं मत शेवटपर्यंत जागं होतं. ज्यांनी नुसता १ लिहिला आणि तो माणूस बाद झाला, ते आधीच झोपी गेले होते.

दुसऱ्या पसंतीची ताकद आमदारांना मात्र नीट कळते. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. निवडून आले महाडिक, कारण त्यांच्या पक्षाच्या दोन उमेदवारांना गरजेपेक्षा जास्त मतं पडली होती आणि त्या जादा मतांवर दुसरी पसंती महाडिकांची होती. घरोघरी टीव्हीसमोर लोक विचारत बसले होते, ३३ वाला हरला कसा?

आता 'आकडे न येणाऱ्याला हे जमणार नाही' या मुद्द्याकडे परत येते. आयर्लंडने स्वतंत्र राज्य झाल्यापासून ही पद्धत सगळ्यांना दिली. शेतकरी, मजूर, कोळी, सगळ्यांना. तिथल्या राज्यकर्त्यांना ती गैरसोयीची वाटली, म्हणून १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये ती काढून टाकायचं सार्वमत घेतलं. दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. पद्धत राहिली, आजही आहे. अवघड वाटणारी गोष्ट लोकांनी दोनदा मागून ठेवून घेतली.

आणि आपल्याकडेही अगदीच पाटी कोरी नव्हती. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात जिथे एका मतदारसंघातून अनेक जण निवडायचे होते, तिथे जितक्या जागा तितकी मतं आणि ती सगळी एकाच उमेदवाराला द्यायची मुभा होती. हाही साधा शिक्का नव्हता, विचार करून वापरायचं हत्यार होतं. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या मतदारांनी ते नीट वापरलं. त्या पक्षाचे पी. जे. रोहम आपल्या नगर जिल्ह्यातून विधानसभेत गेले. मताचा अधिकार तेव्हा सगळ्यांना नव्हता हे खरं. पण ज्यांना होता ते काही बी. ए. झालेले नव्हते.

मला काय वाटतं ते सांगते. आकडा लिहिता येणं ही या पद्धतीतली सोपी बाजू आहे. अवघड आहे ते दुसरं नाव मनात आणणं. आपला माणूस निवडून आला नाही तर त्यातल्या त्यात कोण चालेल, हा प्रश्न स्वतःला विचारायला लागतं. त्यासाठी आपला नसलेल्या उमेदवाराबद्दलही चार गोष्टी माहीत करून घ्याव्या लागतात. आणि 'आपला हरू शकतो' हे मत देतानाच कबूल करावं लागतं. हे पदवीने येत नाही. आपल्याकडे प्रचारातच सांगतात, "फक्त १ लिहा, बाकी कोणाला काही देऊ नका." उमेदवाराच्या दृष्टीने ठीक आहे. पण मतदार ते ऐकतो तेव्हा घटनेने त्याच्या हातात दिलेली यादी तो स्वतःच फाडून टाकतो.

फाडणाऱ्यांत मीही आहे. २०२३ ला मी केंद्रावर गेले, जांभळं पेन उचललं, एकाच चौकोनात १ लिहिला आणि बाहेर आले. दोन मिनिटांचं काम. बाकीच्या उमेदवारांतल्या निम्म्यांची नावंही मी आधी वाचली नव्हती. अण्णा तोवर गेले होते. ते असते तर त्यांनी विचारलं असतं, दोन नंबर कोणाला दिलास? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या घरात मतांची मोजदाद अशी होती. अण्णा माध्यमिक शिक्षक आणि पदवीधर, त्यामुळे विधानसभा-लोकसभेचं एक मत सगळ्यांसारखं, शिवाय पदवीधरचं एक, शिवाय शिक्षकांचं एक. आईचं एकच. एकदा ती म्हणाली होती, "तुम्ही तीनदा मत देता, मग गावात तीनपट सुधारणा दिसायला पाहिजे." अण्णा हसले होते. पण मला आता कळतं की त्या टपालाच्या पाकिटाचे दोन दिवस म्हणजे त्यांनी आपल्या जादा मतात तिला दिलेला वाटा होता. यादी तिने सांगितली, आकडे त्यांनी लिहिले. म्हणजे ज्या बाईला आकडे जमणार नाहीत असं कायद्याने धरलं होतं, त्या कागदावरचा क्रम तिचाच होता. आणि मत बाद झालं ते बी. ए. बी. एड. च्या सहीमुळे.

हे सगळं मी मागच्या महिन्यात आईला सांगितलं. सहीची गोष्ट तिला मी सांगावी की नाही यावर बराच विचार केला. ती ऐकून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तरीच त्या दिवशी जेवले नव्हते. मला वाटलं आमटी खारट झाली." आणि थोड्या वेळाने, "मग निवडून कोण आलं होतं?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "तो आपला दोन नंबरचा होता. चाललं."

इतकी वर्षं तिला क्रम पाठ होता.

भाचीने शेवटी सात नावांना नंबर दिले, असं तिने कळवलं. तिच्याकडची मोजणी संगणक करतो. तिचा एक नंबर पडला, पण तिची पत्रिका पुढच्या नावाकडे गेली असणार. ती म्हणाली, नावं शोधून वाचायला एक अख्खी संध्याकाळ गेली, पण नदीचा पूर आणि बसच्या भाड्याबद्दल कोण काय म्हणतंय ते पहिल्यांदा कळलं.

घरातल्या पदवीधर मंडळींना जाता जाता एक सांगते. या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने करतात. मागच्या वेळी नाव होतं म्हणून पुढच्या वेळी असेलच असं नाही. २०२३ ची मुदत सहा वर्षांची आहे. तेव्हा वेळ आली की अठरा नंबरचा फॉर्म भरा. पेटीकडे जायच्या आधी घरात ज्यांना हे मत नाही त्यांच्याजवळ बसून नावं मोठ्याने वाचा आणि त्यांना विचारा. मीही यावेळी आईला विचारणार आहे. आणि कोपऱ्यात सही करू नका.